सणाला एखादी पुरणपोळी चालेल का?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सीलिअ‍ॅक आजार निघाला. गहू बंद केल्यापासून पोट सुधारलं, वजन वाढलं. आता सणाला एखादी पुरणपोळी चालेल का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, नाही. तिला बरं वाटतंय ते गहू बंद आहे म्हणूनच. गहू आणि जवातलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते, कधी कधी काहीही त्रास न जाणवता. त्यामुळे गहू, रवा, मैदा, शेवया, जव कायमचे बंद.

पण घाबरू नका. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी आपल्या घरात आहेतच. खरी अडचण गिरणीची. गव्हानंतर तिथेच दळलेली ज्वारी तिला चालणार नाही. जमल्यास घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. पोळपाट-लाटणं, तवाही वेगळा. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतो. पाकिटावरचे घटक वाचाच. सणाला तेच पुरण तांदळाच्या उकडीत भरून मोदक करा, फक्त हिंगासारखंच वेलची-जायफळाच्या तयार पुडीचंही पाकीट तपासा.

हा आजार घरातल्या इतरांनाही असू शकतो, म्हणून तुमची, तिच्या वडिलांची आणि भावंडांची या आजारासाठीची टीटीजी रक्तचाचणी करून घ्या. चाचणी होईपर्यंत तुमचा आणि त्यांचा गहू मात्र बंद करू नका, नाहीतर आजार असूनही चाचणीत कदाचित दिसणार नाही.