रातवा

(यवतमाळ जिल्ह्यातील जंगलात राहणाऱ्या एका निशाचर पक्ष्याची माहिती या पाठात दिली आहे.)

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे. सागाचे हे जंगल वाघांसाठी प्रसिद्ध आहे. वाघ प्रत्येकाला दिसेलच असे नाही. पण उन्हाळ्यात दिवस मावळल्यावर जंगलाच्या कडेच्या गावात थोडा वेळ कान देऊन बसा. 'चक्... चक्... चक्-चक्-चक्-र्र्र' असा आवाज ऐकू येईल. फरशीवर काचेची गोटी टाकली, की ती आधी सावकाश आणि मग भरभर उडते. अगदी तसाच हा आवाज. तो असतो रातव्याचा.

'रात' हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. रात्री हिंडतो तो रातवा. विदर्भाच्या जंगलात अनेक वर्षे काम केलेले वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी आपल्या एका पुस्तकाला 'रातवा' हेच नाव दिले आहे.

पुष्कळ लोक रातव्याला घुबडाचा भाऊ समजतात. पण घुबड नख्यांनी शिकार धरते. रातव्याचे पाय इतके दुबळे, की त्याला धड चालताही येत नाही. त्याचे हत्यार म्हणजे त्याचे तोंड! चोच इवलीशी असते, पण जबडा उघडला की बेडकाच्या तोंडासारखा रुंद दिसतो. तोंडाच्या कडेला राठ केस असतात. उडता उडता तो पतंग आणि भुंगे गिळतो. म्हणून शास्त्रज्ञांनी रातव्यांचे कुल वेगळे मानले आहे. भारतीय रातवा आकाराने साळुंकीएवढा असतो. तो भारतात बहुतेक ठिकाणी, तसेच श्रीलंका, म्यानमार आणि थायलंड या देशांतही आढळतो.

या कुलाच्या लॅटिन नावाचा अर्थ मोठा गमतीचा आहे : 'शेळीचे दूध काढणारा'! रातवा रात्री शेळ्यांचे दूध पितो, असे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीसमधील लोक म्हणत. ॲरिस्टॉटलनेही, म्हणजे तुमच्या अरस्तूनेही, तसे लिहून ठेवले आहे. खरे तर गुरांभोवती किडे जमतात आणि किड्यांमागे रातवा येतो. बिचाऱ्यावर चोरीचा आळ उगाच आला!

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. कपाशीची बोंडअळी म्हणजे रात्री उडणाऱ्या एका लहान पतंगाची अळी. ती मारण्यासाठी शेतकरी औषधे फवारतात. २०१७ साली या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० पेक्षा अधिक शेतकरी व मजूर मरण पावले. एकटा रातवा बोंडअळी संपवील, असे नाही. पण रात्री उडणारे पतंग तो खातो, आणि तेही फुकट!

दिवसा हा पक्षी जमिनीवर पाचोळ्यात निश्चल बसून राहतो. त्याची पिसे वाळल्या पानांच्या रंगाची असतात. तुम्ही दोन हातांवर उभे असलात, तरी तो दिसणार नाही. पाय अंगावर पडायची वेळ येते तेव्हाच तो भुर्रकन उडतो. घरटे तो बांधतच नाही. मादी उघड्या जमिनीवर दोन अंडी घालते. ससाणा असो की रानमांजर, हलायचे नाही, हीच त्याची युक्ती.

ही युक्ती आगीपुढे मात्र चालत नाही. मोहाची फुले वेचणे सोपे जावे, म्हणून काही जण झाडाखालचा पाचोळा पेटवतात. त्याच दिवसांत रातव्याची अंडी जमिनीवर असतात. आग पसरली, की मोठा पक्षी उडून जातो. अंडी आणि पिले कुठे जाणार?

रस्त्यावरही तेच घडते. रात्री रातवा मोकळ्या रस्त्यावर येऊन बसतो. तेथून वर उडणारे किडे त्याला नीट दिसतात. मोटारीचा प्रकाश पडला, की त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात. तो दिपतो आणि जागीच बसून राहतो. चालकाने वेग कमी केला, दिवे क्षणभर मंद केले, तर तो चाकाजवळून अलगद उडतो आणि आवाज न करता अंधारात नाहीसा होतो.