वॉश देताच शाई पसरते

प्रश्न : दर रविवारी आम्ही हौशी मंडळी वाईच्या घाटावर स्केचिंगला बसतो. वॉश देताच माझ्या फाउंटन पेनच्या रेषा पसरतात. कागद बदलू का?

उत्तर : कागदाला दोष देऊ नका. फाउंटन पेनची बहुतेक शाई पाण्यात विरघळते. रात्रभर वाळवली तरी ब्रश फिरताच सुटते. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक घ्या, पण टाकानेच वापरा. अशा बऱ्याच शायांत लाख असते, फाउंटन पेन चोंदलंच म्हणून समजा. टाकाचा कंटाळा असेल तर पिगमेंट शाईचं फाइनलायनर चालेल.

आणि खरं सांगू? वॉश हवाच कशाला! व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची गोव्याची कृष्णधवल चित्रं पाहा. गडद-फिकं सगळं रेषांच्या विणीतून येतं. पुढच्या रविवारी सगळ्यांनी एकच देऊळ निव्वळ रेषांत काढा, वह्या एकमेकांत फिरवा. सावली कोण कशी आणतो, ते लगेच दिसेल.