पायथन क्लँगने कंपाइल करताना

पायथन भाषेचा सर्वाधिक वापरला जाणारा इंटरप्रिटर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम वाचून तो अमलात आणणारे सॉफ्टवेअर, स्वतः सी भाषेत लिहिलेला असून तो सीपायथन या नावाने ओळखला जातो. सी भाषेतील सोर्स कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर कोणता असावा हे बांधणी करणाऱ्याने ठरवायचे असते. लिनक्सवर बहुधा जीसीसी हाताशी असतो, आणि त्याऐवजी क्लँग वापरून पाहायचा झाल्यास आधीच्या बांधणीच्याच फोल्डरमध्ये कंपायलरचे तेवढे नाव बदलले जाते. अनुभव असा की बहुतेक अडचणी येथूनच सुरू होतात.

बांधणीपूर्वी चालवायची ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट कंपायलर कोणता आहे, तो कोणते पर्याय स्वीकारतो, कोणत्या लायब्ररी उपलब्ध आहेत, याची चाचपणी करून निष्कर्ष मेकफाइलमध्ये नोंदवते. म्हणून ‘सीसी’ हे कंपायलरचे नाव सांगणारे चल याच टप्प्यावर द्यावे लागते, आणि ते पुढे ‘मेक’च्या वेळी बदलल्यास एका कंपायलरविषयीचे निष्कर्ष दुसऱ्याला लागू होतात. उदाहरणार्थ, चिन्हयुक्त पूर्णांक आपल्या मर्यादेबाहेर गेला तर काय व्हावे हे सी भाषेच्या प्रमाणकाने अनिर्धारित ठेवले असल्याने, तसे कधी घडतच नाही असे गृहीत धरून एखादी तपासणी गाळून टाकण्याची कंपायलरला मुभा असते. ती मुभा काढून घेणारा पर्याय कॉन्फिगरच कंपायलर पाहून जोडते. जुन्या ऑब्जेक्ट फाइली राहिल्यास हा सारा हिशेब विसकटतो. यास्तव प्रत्येक कंपायलरसाठी स्वतंत्र, रिकामा फोल्डर घ्यावा, आणि सोर्सच्या फोल्डरमध्ये पूर्वी बांधणी झाली असल्यास आधी ‘मेक डिस्टक्लीन’ चालवावे.

इंटरप्रिटर एकदा चालवून, त्याच्या वर्तनाची नोंद घेऊन, त्या आधारे पुन्हा कंपाइल करण्याची जी पद्धत आहे, तिच्यासाठी क्लँगला ‘एलएलव्हीएम-प्रॉफडेटा’ हे साधन लागते. डेबियनमध्ये ते क्लँगच्या पॅकेजबरोबर येतेच असे नाही.

कंपायलरचा प्रभाव बांधणीबरोबर संपत नाही. वापरलेल्या कंपायलरचे नाव व पर्याय ‘सिसकॉन्फिग’ या मॉड्यूलमध्ये साठवले जातात आणि पुढे पिपद्वारे सी भाषेतील एखादे एक्स्टेन्शन बांधताना सामान्यतः तेच वापरले जातात. परिणामी क्लँगने बांधलेला पायथन क्लँग नसलेल्या यंत्रावर नेला, तर तो स्वतः चालतो, मात्र एक्स्टेन्शन बांधताना अडतो. यंत्रावरील मूळ पायथनला धक्का लागू नये म्हणून ‘मेक इन्स्टॉल’ऐवजी ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ वापरणे हिताचे, कारण त्याने ‘पायथन३’ हे नाव नव्या बांधणीकडे वळत नाही.

सर्वांत गंभीर धोका वेगाच्या मोजमापात आहे, कारण तेथे चूक झाली तरी कोणताही त्रुटीसंदेश दिसत नाही. सीपायथनमध्ये एक बाइटकोड सूचना, म्हणजे इंटरप्रिटरसाठी तयार केलेली लहान आज्ञा, पूर्ण झाली की पुढच्या सूचनेचा पत्ता तक्त्यातून काढून थेट तिकडे उडी घेतली जाते, आणि अशी उडी प्रत्येक सूचनेच्या शेवटी वेगळी असणे वेगाच्या दृष्टीने मोलाचे मानले गेले आहे. क्लँग १९ मध्ये आलेल्या एका दोषामुळे या उड्या एकाच ठिकाणी गोळा होऊ लागल्या. २०२५ च्या आरंभी पायथन ३.१४ साठी शेपूट-आवाहनांवर, म्हणजे एका फंक्शनने अखेरीस दुसऱ्याकडे परतीविना ताबा सोपवण्यावर, आधारलेला नवा इंटरप्रिटर तयार झाला, तेव्हा त्याची तुलना याच कंपायलरने बांधलेल्या जुन्या इंटरप्रिटरशी झाली आणि सरासरी ९ ते १५ टक्के सुधारणा जाहीर करण्यात आली. वाढीचा मोठा भाग कंपायलरच्या दोषाने जुना इंटरप्रिटर मंदावल्यामुळे दिसत होता हे मार्चमध्ये उघड झाले, आकडा ३ ते ५ टक्क्यांवर आणला गेला आणि तसे मोकळेपणाने सांगितलेही गेले. जाणकारांच्याही नजरेतून सुटलेली ही गोष्ट एकट्याने बांधणी करणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटू शकते.

म्हणून कोणताही वेग नोंदवण्यापूर्वी तोच सोर्स कोड किमान दोन कंपायलरांनी आणि शक्य तेथे एकाच कंपायलरच्या दोन आवृत्त्यांनी बांधून पाहावा, आणि आकड्याशेजारी कंपायलरची पूर्ण आवृत्ती लिहावी. ती पायथन सुरू करताच पहिल्या ओळींत चौकटी कंसात दिसते.