बिल्ड लॉग वाचणाऱ्याची कैफियत

धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या गावी बसून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, इतरांनी सादर केलेल्या पॅकेजांची तपासणी करणाऱ्या माणसाविषयी पुण्या-बंगळुरूकडील काही मंडळींची अशी दृढ समजूत झालेली दिसते की, हा गृहस्थ रिकामा आहे म्हणूनच इतका चिकित्सक आहे. ही समजूत खोडून काढण्याची हौस मला उरलेली नाही. परंतु ज्या प्रकरणात माझ्यावर ‘अडवणूक करणारा’ असा शेरा मारला गेला, त्याची हकीकत एकदा दप्तरी दाखल व्हावी, हे मात्र मला अगत्याचे वाटते.

पॅकेज होते देवनागरी मजकुराची मांडणी करणाऱ्या एका लहानशा प्रोग्रॅमचे. मी बिल्ड लॉग मागितला, तेव्हा पॅकेजर महाशयांनी पडद्याचे छायाचित्र पाठविले! त्यात अखेरच्या काही ओळी आणि ‘फेल : 0’ हा आकडा ठळक दिसत होता. तगादा लावल्यावर जो लॉग आला, त्यात पडद्यावरील रंगांच्या खुणा कचऱ्यासारख्या विखुरलेल्या, अनेक कामे एकाच वेळी चालविल्यामुळे एका फाइलचा इशारा दुसऱ्या फाइलच्या नावाखाली जाऊन बसलेला, आणि कंपायलरला दिलेली प्रत्येक आज्ञा गाळून तिच्या जागी ‘सीसी’ ही दोन अक्षरे व फाइलचे नाव, एवढाच ऐवज होता. ही मौनाची सोय ऑटोमेकने 2009 साली 1.11 या आवृत्तीत आणली. ती बांधणाऱ्याच्या डोळ्यांना सुखावते, हे मला मान्य आहे, पण तपासणाऱ्याने त्यात काय वाचावे? पूर्ण लॉग पुन्हा मागितला, तर उत्तर आले, “यंत्राने पास केले आहे, मग आपला आक्षेप नेमका कशाला?” आणि हेच वाक्य, मजवरील टीकेची फोडणी देऊन, इतर चार जणांनाही पाठविले गेले.

अखेर नाइलाजाने पाठविलेला पूर्ण लॉग मी शेवटाकडून न वाचता आरंभापासून वाचू लागलो, तेव्हा कॉन्फिगरच्या शेकडो निरुपद्रवी ओळींमध्ये एक ओळ सापडली : हार्फबझचा शोध, आणि उत्तर ‘नो’. जोडाक्षरे जुळविणे, पहिली वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे नेऊन ठेवणे, हे सारे काम ज्या हार्फबझवर सोपविलेले, ते उपलब्ध नाही असे दिसताच प्रोग्रॅमने तक्रार न करता त्याच्याविनाच बांधणी उरकली होती. देवनागरीच्या चाचण्या नापास झाल्या नव्हत्या, कारण त्या झाल्याच नव्हत्या. गोषवाऱ्यात त्यांची गणना ‘स्किप’मध्ये होती, आणि ते छायाचित्र बरोबर त्या ओळीच्या खालून सुरू होत होते. ते हेतुपुरस्सर कापले होते, असा आरोप मी करीत नाही. नव्हते, असा दाखलाही देत नाही. महाशयांच्या स्वतःच्या यंत्रावर हार्फबझ पूर्वीपासून असल्याने तेथे मराठी सुरेख दिसे. परंतु बांधणीस आवश्यक पॅकेजांच्या यादीत त्याचे नाव नसल्यामुळे स्वच्छ क्रूटमध्ये, म्हणजे बांधणीपुरत्या उभारलेल्या कोऱ्या वातावरणात, बांधलेल्या पॅकेजात ‘क्षत्रिय’ या शब्दाची जी अवस्था झाली असती, ती कोणत्याही मराठी वाचकाने पाहू नये.

न्यायालयाच्या रोजनाम्यात ‘सुनावणी झाली’ एवढेच लिहून भागत नाही. हजर कोण होते आणि तारीख का पडली, हेही नमूद करावे लागते. लॉगचेही तसेच आहे. डेबियनच्या धोरणपुस्तिकेतील 4.9 व्या कलमाचा आशय हाच की, ‘टर्स’ हा पर्याय मुद्दाम मागितला नसेल, तर बांधणी शक्य तितकी सविस्तर बोलती असावी. तेव्हा ऑटोमेकचे मौन कॉन्फिगरच्याच वेळी बंद करावे. बांधणी निंजाने होत असेल तर त्यास सविस्तर आज्ञा छापावयास सांगावे. आज्ञाच गाळल्या, तर संरक्षक फ्लॅग लागले की नाही, हे ‘बीएलएचसी’सारखे लॉग तपासणारे साधनही सांगू शकत नाही. सरमिसळीवर इलाज म्हणून जीएनयू मेकच्या 4.0 आवृत्तीपासून, म्हणजे 2013 पासून, ‘आउटपुट-सिंक’ हा पर्याय आहे. तो वापरण्यास कोणाचे काय जाते, हे मला आजवर कळलेले नाही. चाचणी फसल्यास ‘टेस्ट-सूट.लॉग’ मुख्य लॉगमध्येच ओतावा, कारण क्रूट पुसला गेला की मूळ पुरावाही नष्ट होतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जी लायब्ररी आपणास हवीच आहे, ती कॉन्फिगरला स्पष्ट शब्दांत मागावी, म्हणजे ती न सापडल्यास बांधणी तेथेच थांबते. आणखी एक, थोडे अप्रिय : बांधणीची भाषा ‘सी.यूटीएफ-8’च ठेवावी. मराठीचा अभिमान मलाही आहे, परंतु लॉग चाळणारी साधने ‘एरर’ आणि ‘वॉर्निंग’ हेच इंग्रजी शब्द शोधतात, तेथे अभिमान कामास येत नाही.

तपासणाऱ्यांनी मागील आवृत्तीचा लॉग जपून ठेवावा, दोन्हींतील वेळा व तात्पुरते मार्ग पुसून मगच तुलना करावी, आणि लॉग संकुचित करून मागवावा. आमच्याकडे वीज केव्हा जाईल, याचा नेम नसतो. बाकी सौजन्य, संयम, लेखी पत्रव्यवहार इत्यादी नेहमीचेच आहे. त्याचा मला कितपत उपयोग झाला, ते वर आलेच आहे.

दुरुस्त पॅकेज यथावकाश आले. त्याच्या चेंजलॉगमध्ये ‘किरकोळ सुधारणा’ एवढीच नोंद होती. हार्फबझचे नाव घालून ती पुन्हा लिहावी, असा शेरा देऊन मी ते परत पाठविले. तो शेरा अडवणुकीचा आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी तसे खुशाल समजावे.