लाल वाइनची द्राक्षे : आधी ग्राहक, मग लागवड

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले औंढा नागनाथ हिंगोली जिल्ह्यात आहे. या भागातील शेतकऱ्यास हळद, सोयाबीन व कापूस ही पिके चांगली परिचित आहेत. त्याच्या मनात वाइनच्या द्राक्षांची लागवड करण्याचा विचार आल्यास, वेल लावण्यापूर्वी त्या मालाचा ग्राहक कोण, हे त्याने जाणून घेणे इष्ट होय.

द्राक्षाचा वाण

लाल वाइनसाठी कॅबर्ने सोव्हिन्यो, शिराझ इत्यादी वाण लावतात. त्यांचे मणी लहान, बियांचे व जाड सालीचे असतात. रस बहुधा रंगहीन असून रंग सालीत असतो. म्हणून मणी चिरडून सालीसकट आंबवितात. यीस्टमुळे रसातील साखरेचे अल्कोहोल बनते. असा माल खाण्याच्या द्राक्षांच्या बाजारात खपत नाही. वाइन कारखान्याने तो घेतला नाही तर बागायतदारास दुसरा मार्ग उरत नाही. २००८ नंतर वाइनची मागणी घटली, तेव्हा नाशिक भागातील अनेक बागायतदारांना हाच अनुभव आला व कित्येकांनी वेली उपटून टाकल्या.

नियमित ग्राहकाचे महत्त्व

मागणी स्थिर राहावी यासाठी काही देशांत वर्गणीदारांना ठरावीक महिन्यांनी वाइन घरपोच देण्याची पद्धत आहे. लंडन येथे १८७४ साली ग्राहकांची एक सहकारी वाइन संस्था स्थापन झाली. तिचा भाग घेणारा सभासद होतो. संस्था उत्पादकांकडून वाइन घेऊन सभासदांस घरपोच पाठविते. ग्राहक आधीच ठरलेला असल्याने किती माल लागेल याचा अंदाज बांधता येतो.

एका एकराचा हिशेब

एक टन द्राक्षांपासून साधारणतः ६०० लिटर वाइन मिळते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ८०० बाटल्या. दर दोन महिन्यांस सहा बाटल्या घेणाऱ्या ग्राहकास वर्षाला ३६ बाटल्या लागतात. तेव्हा एक टन माल सुमारे २२ ग्राहकांस पुरतो. एकरी चार टन उत्पन्न धरल्यास एका एकरामागे सुमारे ९० कायमचे ग्राहक हवेत. ते कोण मिळवून देणार, हा प्रश्न लागवडीपूर्वी सुटला पाहिजे.

कायद्याची मर्यादा

वाइन तयार करणे व विकणे हे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली येते. घरी वाइन करून परवान्याशिवाय विकणे गुन्हा आहे. घरपोच विक्रीसही शासनाच्या नियमांचे बंधन आहे. तेव्हा शेतकऱ्याने द्राक्ष पिकवावे व परवानाधारक कारखान्यास द्यावे, हाच सरळ मार्ग.

लागवडीपूर्वी काय करावे

१. खरेदीचा करार लेखी करावा. त्यात वाण, साखरेचे प्रमाण, दर, तोडणीची वेळ व पैसे देण्याची मुदत स्पष्ट असावी.
२. करार किती वर्षांचा आहे ते पाहावे. बाग अनेक वर्षे टिकते. दोन वर्षांचा करार तिला पुरेसा आधार देत नाही.
३. जमिनीतून पाण्याचा निचरा चांगला होतो काय, हे तपासावे. पाणी धरून ठेवणारी खोल काळी जमीन टाळावी.
४. मांडव, ठिबक व खुंटरोपे यांचा खर्च मोठा असतो. कर्ज काढण्यापूर्वी पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा हिशेब शेतकऱ्यासमोर कागदावर मांडून दाखवावा. नवे पीक लावण्यास मनाई नाही. परंतु ज्याचा ग्राहक ठरलेला नाही, त्या वेलीसाठी हळदीचे शेत मोडू नये.