पर्यावरणशास्त्राचें विद्यापीठांतील शिक्षण व शेतकरी

बारावीची परीक्षा आटोपली म्हणजे मुलास अगर मुलीस पुढें काय शिकवावें हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरींही उभा राहतो. वैद्यक, यंत्रविद्या व शेतकी या वाटा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पर्यावरणशास्त्र व व्यवस्थापन ही वाट मात्र नवी, आणि तिच्याविषयीं आपल्या लोकांत दोन भलतेच समज आढळतात. कोणी म्हणतात, झाडें लावा एवढें सांगण्यास पदवी कशाला? कोणी म्हणतात, हें शास्त्र शेतकऱ्याच्या मुळावर आलेलें आहे. खत नको, औषध नको, ऊंस नको, एवढेंच त्याचें सांगणें.

पहिल्या समजास कारण आहे. सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं मेहता यांच्या अर्जावर दिलेल्या निकालानंतर हा विषय शाळा-कॉलेजांतून शिकविण्याची सक्ती झाली, व पुढें सर्व शाखांच्या पदवीच्या विद्यार्थ्यांस तो घ्यावा लागूं लागला. पुष्कळ ठिकाणीं तो परीक्षेच्या आदल्या रात्रीं पाठ करून मोकळें होण्याचा विषय झाला आहे. परंतु हा सक्तीचा लहानसा विषय वेगळा आणि या शास्त्राची स्वतंत्र पदवी वेगळी. दोहोंची गल्लत करूं नये.

या शास्त्राची व्याख्या देण्यापेक्षां आपल्याच जमिनीचें एक दुखणें घेऊन तें समजावून देणें आम्हांस बरें वाटतें. नीरा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. कालव्याखालच्या काळ्या जमिनींत पुढें कांहीं वर्षांतच पांढरे चट्टे दिसूं लागले. पुणें शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं तम्हाणे यांच्या साहाय्यानें नीरा खोऱ्यांतील या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० सालीं तो प्रसिद्ध केला. सांगली-कोल्हापुराकडील नदीकांठच्या ऊंसाच्या शेतकऱ्यांस हें दुखणें आज निराळें सांगावयास नको.

आतां हें होतें कसें? कालव्याचें पाणी जिभेस गोड लागतें. तरी त्यांत थोडा क्षार असतोच. समजा, लिटरास ३०० मिलिग्रॅम क्षार आहे आणि ऊंसास वर्षांत २,००० मिलिमीटर पाणी दिलें. हेक्टरीं दोन कोटि लिटर पाणी झालें, व त्याबरोबर ६,००० किलो, म्हणजे एकरीं सुमारें २.४ टन क्षार शेतांत आला. पीक पाणी पितें, क्षार बहुतेक मागें ठेवितें. निचरा चांगला असेल तर तो खालीं वाहून जातो. काळ्या चिकण जमिनींतून तो सहज जात नाहीं. उलट जास्त पाण्यानें भूजल वर चढतें, आणि तें दीड-दोन मीटरांच्या आंत आलें म्हणजे दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें तें मातीच्या बारीक छिद्रांतून वर येतें, उन्हानें उडून जातें, व क्षार पृष्ठभागावर राहतो.

येथें शेतकरी जी खर्चाची चूक करितो ती अज्ञानाची आहे. पांढरें दिसलें कीं जिप्सम टाकावयाचें, असा प्रघात पडला आहे. परंतु क्षारयुक्त जमीन व चोपण जमीन हीं दोन दुखणीं होत. संपृक्त मातीच्या अर्काची विद्युत्-वाहकता मीटरास ४ डेसिसीमेनपेक्षां अधिक असून सोडियमचा विनिमयांतील वांटा शेंकडा १५ च्या आंत असेल, तर निचरा करून गोडें पाणी देऊन ती धुवावी. जिप्समाचा पैसा वायां जातो. सोडियम शेंकडा १५ च्या वर व सामू ८.५ च्या पुढें असेल, तर ती चोपण. तिला नुसतें पाणी दिल्यास कण विस्कटून ती अधिकच घट्ट बसते, व तेथें जिप्सम हवेंच.

या एका चट्ट्याच्या पाठीमागें रसायन, भूगर्भ, जलप्रवाह व वनस्पति इतकीं शास्त्रें आलीं. त्यांस एकत्र आणून विचार करणें हेंच पर्यावरणशास्त्र. आणि व्यवस्थापन कोठें आलें? आपल्या शेतांतील चर शेजाऱ्याच्या बांधाशीं येऊन थांबतो तेथें! चराचें खारें पाणी कोणाच्या नाल्यांत सोडावयाचें, खर्चाची वांटणी कशी, नाला बुजविणाऱ्यास कोणता कायदा लागू, हें ठरल्यावांचून रसायनाचें ज्ञान कागदावर राहतें. विश्वेश्वरय्या यांनीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांतून १८८३ सालीं परीक्षा उत्तीर्ण केली व पुढें नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत सुरू केली. ऊंस एकेठिकाणीं दाटूं न देतां फेरपालटानें पाणी अधिक गांवांस पोंचवावें, हा तिचा हेतु. त्या काळीं या विषयास नांव नव्हतें, पण काम हेंच होतें.

दुसरें एक काम आम्हांस याहूनही निकडीचें वाटतें. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणें ज्या प्रकल्पांस जाहीर सुनावणी आवश्यक आहे त्यांची नोटीस निदान ३० दिवस आधीं द्यावी लागते, व पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेंत मिळतो. सुनावणी जिल्हाधिकारी अगर त्यांच्या प्रतिनिधीपुढें होते. मूळ अहवाल शेंकडों पानांचा व बहुधा इंग्रजी. गांवकरी उठून "आमचा विरोध आहे" म्हणतो. तें टिपलें जातें, पण त्यांत आंकडा नसतो. या शास्त्राचा शिकलेला मुलगा विचारील: विहिरींच्या पाण्याचे नमुने कोणत्या महिन्यांत घेतले? आमच्या वस्तीची विहीर त्यांत कां नाहीं? हा प्रश्न उडवून लावतां येत नाहीं.

खत-औषधाविषयींचा दुसरा समज यावरून आपोआप उडतो. हें शास्त्र माप मागतें, बंदी नव्हे.

आतां व्यवहाराचें. पुण्याचें सावित्रीबाई फुले विद्यापीठ व कोल्हापूरचें शिवाजी विद्यापीठ येथें या विषयाची एम्. एस्सी. पर्यंत सोय आहे. भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण-संशोधन संस्थाही पुण्यांत १९९३ पासून आहे. मात्र ज्याचा डोळा शेतकी खात्यांतील अधिकाऱ्याच्या जागेवर आहे, त्यानें राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चार कृषिविद्यापीठांकडे वळावें. तेथें शेतकीचीच पदवी लागते. पर्यावरणाच्या पदवीधरास सरकारी जागा थोड्या. कारखाने, सल्लागार कंपन्या व पाणलोटाचें काम करणाऱ्या संस्था यांत अधिक काम मिळतें. नोकरीची हमी म्हणून ही वाट कोणी धरूं नये.

प्रवेशापूर्वीं पालकानें त्या विभागांत स्वतः जाऊन यावें. यंत्रें कपाटांत आहेत कीं विद्यार्थ्यांच्या हातांत? वर्षांतून शिवारांत किती दिवस नेतात? संख्याशास्त्र व उपग्रहाच्या नकाशांचें वाचन शिकवितात काय? शेवटच्या वर्षाच्या प्रबंधास विषय स्वतः निवडतां येतो काय? येत असेल तर मुलास आपल्याच गांवच्या वीस विहिरी घेण्यास सांगावें: पावसाळ्यापूर्वीं व नंतर पाण्याची पातळी, प्रत्येक वेळीं वाहकता व सामू, आणि भोंवतालचें पीक. त्या तक्त्याची एक प्रत ग्रामपंचायतींत ठेवावी. पुढल्या सुनावणीच्या वेळीं ती मागावी लागेल.