टाचेतला रक्ताचा थेंब आणि यकृताचा दुर्मीळ आजार



दहावीला 'आनुवंशिकता' शिकवताना मुलं हमखास विचारतात, "सर, जनुकात बिघाड झाला तर नेमकं होतं काय?" त्यासाठी मी टायरोसिनेमिया (प्रकार १) या आजाराचं उदाहरण घेतो. जगात साधारण एक लाख बाळांमागे एकाला तो होतो.

आजार काय आहे?

टायरोसिन हे प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल. यकृतात त्याचं टप्प्याटप्प्याने विघटन होतं आणि प्रत्येक टप्प्याला एक विकर (एन्झाइम) लागतं. या बाळांमध्ये शेवटच्या टप्प्याचं विकर काम करत नाही. मोरीचा पाइप तुंबला की पाणी मागे साचतं, तसे अर्धवट तुटलेले विषारी पदार्थ यकृतात साचतात. यकृत आणि मूत्रपिंड खराब होतात. उपचार नसतील तर तीव्र स्वरूपाच्या आजारात बाळ पहिल्या एक-दोन वर्षांतच दगावू शकतं.

निदान कसं करतात?

यकृताच्या नेहमीच्या तपासण्या 'यकृत बिघडलंय' एवढंच सांगतात, का ते नाही. मग रक्तातलं टायरोसिन मोजायचं का? ते तर यकृताच्या इतर आजारांत आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांतही वाढतं. उलट, हा आजार असूनही पहिल्या काही दिवसांत ते फारसं वाढलेलं नसतं.

म्हणून रक्तातल्या चयापचयजन्य पदार्थांचं सगळं चित्रच बघतात. बाळाच्या टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब खास कागदावर वाळवतात. टँडम मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र त्यातले रेणू वस्तुमानानुसार ओळखतं आणि मोजतं. साचलेल्या पदार्थांपासून तयार होणारा सक्सिनिल-ॲसिटोन रक्तात वाढलेला सापडला, की संशय थेट याच आजारावर जातो. मग जनुकीय तपासणीने खात्री करतात.

वेळ का महत्त्वाची?

पूर्वी यकृत प्रत्यारोपण हाच मुख्य उपाय होता. १९९२ मध्ये स्वीडनच्या स्वेन लिंडस्टेट यांच्या गटाने निटिसिनोन या औषधाने पाच रुग्णांवर केलेल्या उपचारांची माहिती प्रसिद्ध केली. गंमत म्हणजे हे औषध तणनाशकांच्या संशोधनातून आलं! ते तुंबलेला पाइप मोकळा करत नाही, वरचा नळच बंद करतं. विषारी पदार्थ तयारच होत नाहीत. पण टायरोसिन साचतं, म्हणून आहारात प्रथिनं मोजून-मापून द्यावी लागतात.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या सागने भागात हा आजार फार आढळतो. तिथे सुमारे १,८५० बाळांमागे एक. क्वेबेकमध्ये नवजात बाळांची तपासणी १९७० पासून होते. तिथल्या एका अभ्यासात, जन्मानंतर महिनाभरात औषध सुरू झालेल्या मुलांमध्ये यकृताचा आजार दिसला नाही. उशिरा औषध मिळालेल्या काही मुलांना मात्र प्रत्यारोपण करावं लागलं.

पालकांसाठी

आपल्याकडे ही तपासणी सगळीकडे सरसकट होत नाही. प्रसूतीआधीच डॉक्टरांना नवजात तपासणीबद्दल विचारून ठेवा. बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली, पोट फुगलं, वजन वाढेना किंवा सहज रक्तस्राव होऊ लागला, तर 'कोवळं ऊन दाखवू' म्हणत थांबू नका.

वर्गात विचारा

१. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता किती? (उत्तर : २५ टक्के)
२. आई-वडील स्वतः निरोगी का असतात?
३. नुसतं टायरोसिन मोजून निदान पक्कं का होत नाही?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी स्वतःच्या शब्दांत दिलं, की समजा पाठ कळला.